किडनीचं सूतक

गुणाजी घोगळेचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मरोळच्या चाळीत नळाला पाणी तेव्हाच यायचं. पिंप भरल्याशिवाय तो दात घासत नसे. सहाला तो कंपनीच्या फाटकावर उभा असायचा.

आमची कंपनी पंपांची लोखंडी कवचं ओतायची. मी भट्टीवर होतो. गुणाजी फाटकावर वॉचमन. दोघंही एकाच गावचे, कोकणातल्या आंबेरखोलचे. माझं काम उचलण्याचं आणि ओतण्याचं, त्याचं उभं राहण्याचं. उभं राहणं हे काम नव्हे असं ज्याला वाटतं, त्याने बाजूला खुर्ची असताना न बसता पाळीभर उभं राहून दाखवावं.

सुटताना तो प्रत्येकाची झडती घ्यायचा. डबा उघडायला लावायचा. रिकामा डबा उलटा करून ठोकायचा. आत जाताना प्रत्येकाच्या छातीवरचा बिल्ला बघायचा. मालकाच्या जावयाला त्याने बिल्ल्यावाचून उन्हात उभं केलं होतं. जावई म्हणाला, "मला ओळखत नाहीस?" गुणाजी म्हणाला, "ओळखतो ना साहेब. बिल्ला कुठंय?"

एकदा तो स्वतःचाच बिल्ला घरी विसरला. फाटकापाशी आला, छाती चाचपली आणि बाहेरच थांबला.

टाइमकीपर म्हणाला, "अरे आत ये की."

"बिल्ला नाही."

"तूच वॉचमन ना रे?"

"म्हणून तर."

घरी जाऊन बिल्ला आणायचा तर फाटक सोडावं लागलं असतं. म्हणून तो दिवसभर फाटकाबाहेर उभा राहिला. आत वॉचमन नव्हता. त्या दिवशी कंपनीतून तांब्याच्या तारेचं भेंडोळं गेलं. गुणाजीने ते जाताना पाहिलं. पण बाहेरच्या माणसाला झडती घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच तक्रार केली की काल फाटकावर कोणी नव्हतं.

असा माणूस. शहाऐंशी साली त्याचे पाय सुजले. बूट चढेना. उभं राहून होतं असं आम्ही समजलो. मग तोंड सुजलं, अन्न नकोसं झालं, चार पावलांत दम लागायला लागला. इस्पितळात सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायला लागलं. जाताना पिवळा असायचा, येताना पांढरा. डॉक्टर अनुपमा म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "हे असं फार दिवस चालणार नाही. घरातल्या कोणाची तरी एक किडनी मिळाली आणि ती अंगाला लागली, तर जगाल."

अंगाला लागली तर. सगळं त्यावर होतं.

आंबेरखोल ग्रामस्थ मंडळाची खोली घाटकोपरला. रविवारी तिथे सभा भरली. मंडळाचा म्होरक्या भिकाजी. पूर्वी गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडली नाही, तेव्हापासून पूर्ण वेळ मंडळाचंच बघायचा. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचा मानही त्याच्याच घराण्याचा.

भिकाजी म्हणाला, "ह्यात इचार कसलो? घोगळ्याच्या अंगात घोगळ्याचीच किडनी जाव्क व्हयी. जयवंता, तू दी."

जयवंत हा गुणाजीचा धाकटा भाऊ. बोरीवलीला राहायचा. तो म्हणाला, "देतो." आवाज बारीक होता, पण म्हणाला.

मागे बायकांत वनमाला बसली होती. ती या दोघांची बहीण. मुलुंडला साटमांकडे दिलेली. ती उभी राहिली. "माझंपण रक्त तपासा."

"तू गप बस गो," भिकाजी म्हणाला. "तू आता साटमीण. तुझा कूळ बदलला, देवक बदलला. तुझी किडनी साटमांची. ती ह्येच्या अंगाक कशी लागतली?"

"डॉक्टरीणबाई सगळ्या भावंडांना बोलवतायत."

"त्यांका आपले रीतीभाती काय ठाऊक?"

तरी ती गेली. मुलुंडहून सकाळचा स्वयंपाक आटपून, दोन बस बदलून. रक्त दिलं आणि परत जाऊन संध्याकाळचा स्वयंपाक केला. याचा कोणी उल्लेख केला नाही म्हणून मी करतो.

निकाल ऐकायला आम्ही सगळे गेलो. भिकाजी टोपी घालून आला होता. डॉक्टर अनुपमांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "जयवंतरावांचं काहीच जुळत नाही. वनमालाबाईंचं सगळं जुळतं."

मग जयवंत म्हणाला, "काहीच नाही म्हणजे? थोडंसुद्धा नाही?"

"थोडंसुद्धा नाही."

येताना बिचारा घाबरलेला होता. आता सुटला होता आणि तरी त्याचं तोंड पडलं. "म्हणजे मी परका?"

भिकाजी हळूच म्हणाला, "तरी मी म्हणी होतंय, ह्येचा नाक घोगळ्यांचा नाय."

"ए भिक्या! माझ्या आईबद्दल बोललास तर इथेच मुस्कटात देईन."

"मी नाकाबद्दल बोललंय."

डॉक्टरीणबाईंनी दोघांना गप्प केलं. म्हणाल्या, "आईकडून एक जोड येतो, बापाकडून एक. आईकडे दोन असतात, त्यातला कुठला द्यायचा याची चिठ्ठी निघते. बापाचंही तसंच. सख्ख्या भावांना अगदी वेगळ्या चिठ्ठ्या निघू शकतात. चारांत एकदा तसंच होतं, आणि चारांत एकदा सगळं जुळतं. आईवर कसला संशय घेता?"

"पण जोड कसला?" गुणाजीने विचारलं. तो चाकाच्या खुर्चीत होता.

बाईंना त्याची नोकरी माहीत होती. त्यांनी त्या बेताने सांगितलं. "तुमच्या शरीरातली प्रत्येक पेशी एक खोली धरा. प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर ताटल्या टांगलेल्या असतात. आत जे काही शिजतं त्याचा एकेक कण पेशी त्या ताटलीत बाहेर मांडते. रक्तातले पहारेकरी दारोदार फिरतात आणि ताटली बघतात. ओळखीचा कण असेल तर पुढे जातात. आत रोगाचा जंतू शिरला असेल तर त्याचाही कण ताटलीत येतो. मग ती खोलीच पाडून टाकतात."

"डबा उघडून ठेवायचा," गुणाजी म्हणाला. "चांगली पद्धत आहे. झडती घ्यायलाच नको."

"आणि पहारेकरी नुसता कण बघत नाहीत, ताटलीपण बघतात. ताटलीचा आकार माणसामाणसांत वेगळा असतो. मी म्हटलं तो जोड म्हणजे या ताटल्या. परकी ताटली दिसली की पहारेकरी उठलेच. जयवंतरावांच्या ताटल्या वेगळ्या. वनमालाबाईंच्या हुबेहूब तुमच्यासारख्या."

"ह्या पहारेकऱ्यांना आपलं काय, परकं काय, हे शिकवतं कोण?"

बाईंनी स्वतःच्या छातीच्या हाडावर बोट ठेवलं. "इथे मागे एक गाठ असते. तिथे त्यांची परीक्षा होते. ज्यांना ताटली मुळीच ओळखता येत नाही ते बाद. आणि जो आपल्याच माणसावर हात उचलतो तोही बाद."

"नोकरीवरून काढतात?"

"मारून टाकतात."

"कडक कंपनी आहे," गुणाजी म्हणाला. त्याला ते मनापासून आवडलं होतं.

भिकाजीला आवडलं नव्हतं. "बाई, एक सांगा. हिचा लगीन लागला. नाव बदलला, कूळ बदलला. आणि ताटली तेवढी बदलूक नाय?"

"नाही."

"सप्तपदी घातली होती हो. मी सोता हजर होतंय."

"सप्तपदी तिथपर्यंत पोचत नाही," बाई म्हणाल्या.

शेवटची एक तपासणी राहिली होती. बहिणीच्या पेशी आणि भावाच्या रक्तातलं पाणी एकत्र करून बघायचं, भांडतात का. भिकाजी प्रयोगशाळेच्या दारापाशी बसून राहिला. आतला माणूस बाहेर आला की विचारी, "भांडली?" तो शेवटी वैतागून म्हणाला, "नाही भांडली हो! तुमच्यापेक्षा शहाणी आहेत."

आता साटमांची परवानगी हवी होती. वनमालाचा नवरा भला माणूस. तो म्हणाला, "आईला विचारा." त्याची आई कृष्णाबाई. मुलुंडच्या त्या बिऱ्हाडात सांडशी हलायची तरी कृष्णाबाईला विचारून. भिकाजी, जयवंत, गुणाजी आणि मी पाटावर बसलो. कृष्णाबाईने चहा दिला, साखर कमी घातली आणि म्हणाली, "किडनी न्या. माणूस मरता कामा नये. पण एक आयका. लग्नात हाडांचा सापळा आणला होता मी. अठरा वर्षं आमच्या भातावर पोसली तिला. ती किडनी घोगळ्यांची नाही, साटमांची."

"मान्य," भिकाजी म्हणाला. तो पहिल्यापासून तेच म्हणत होता.

"ती तुमच्याकडे राहील, पण आमचीच राहील. आमच्या घराण्याचं सोयरसूतक तिला लागेल. आमच्यात कोण गेलं तर तिने दहा दिवस सूतक पाळायचं."

मी म्हटलं, "किडनी सूतक कसं पाळणार, काकी?"

"ती ज्यात असेल तो पाळेल."

जयवंत हसला. गुणाजी हसला नाही. हात जोडून म्हणाला, "पाळीन." आणि एकदा तो पाळीन म्हणाला की संपलं.

ऑपरेशन सत्त्याऐंशीच्या जानेवारीत झालं. बहीण एका टेबलावर, भाऊ शेजारच्या. किडनी जोडली तशी टेबलावरच लघवी झाली. ही बातमी मंडळात एखाद्या बारशासारखी पसरली. भिकाजी नारळ घेऊन आला. आत सोडत नव्हते. काचेपलीकडे गुणाजी, अलीकडे आम्ही. भिकाजीने काचेकडे तोंड करून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही साटमांच्या घरची किडनी तुझ्या लेकराच्या कुडीत इली हा. कुडीच्या राखणदारा, तिका वळखून ठेव. ती चोर नाय, पावणी हा."

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"तिच्यार हात उचलू नको. चुकला माकला पदरात घे."

"व्हय म्हाराजा!" या वेळी बाकावर बसलेले दोन गुजराती गृहस्थही म्हणाले. त्यांचा माणूसही आतच होता. नर्सने आम्हा सर्वांना जिन्यापर्यंत हाकललं.

घरी जाताना डॉक्टर अनुपमांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या. जन्मभर. एकही दिवस चुकवायचा नाही.

"ताटल्या जुळल्या ना?" गुणाजीने विचारलं. "मग गोळ्या कशाला?"

"ताटल्या जुळल्या. पण ताटलीत मांडलेले काही बारीक कण तरीही तिचे वेगळे, तुमचे वेगळे. सगळे नाही, पण काही पहारेकरी उठणारच. त्यांना गोळ्यांनी गुंगीत ठेवायचं."

गुणाजीचा चेहरा उतरला. ज्याने खुर्ची असून पाठ टेकली नाही, त्याला सांगितलं की आता रोज स्वतःच्या हाताने पहारेकऱ्यांना गुंगवायचं. मला म्हणाला, "कामावरच्या माणसाला झोपवायचं, हे काही बरोबर नाही रे." पण घ्यायला लागला.

गोळ्या ठेवायच्या कुठे, हा पुढचा प्रश्न. बाईंनी सांगितलं होतं, ओल नको, चुलीची धग नको, उंदीर नकोत. मरोळच्या त्या खोलीत अशी जागा एकच, भिंतीवरचा देव्हारा. गुणाजीची बायको कमळ हिने बाटल्या तिथे ठेवल्या. भिकाजी खूश झाला. रोज सकाळी आंघोळ करून, दिवा लावून, देवाच्या पायापासून गोळी उचलायची आणि घ्यायची. चार महिने उत्तम चाललं. गुणाजीचा चेहरा माणसात आला. बूट चढले.

मग मे महिन्यात मुलुंडला हरेश्वर साटम वारले. वनमालाचे चुलतसासरे. म्हातारे झाले होते, कोणाला फार धक्का बसला नाही. मला तर बातमीसुद्धा नव्हती.

चौथ्या दिवशी कमळ फाटकावर आली. पहिल्या पाळीची सुटायची वेळ होती. ती कधी कंपनीकडे येत नसे.

"भावजी, घरी चला. ते गोळ्या घेत नाहीयेत."

"का?"

"सूतक आहे."

मी भट्टीच्या कपड्यांतच गेलो. गुणाजी देव्हाऱ्याखाली स्टुलावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली सूज. अंगात ताप. मी म्हटलं, "काय चाललंय?"

"साटमांचं दहा दिवसांचं. सूतकात देव्हाऱ्याला हात लावत नाहीत."

"अरे, सूतक तुला नाही. किडनीला आहे."

"तेच म्हणतोय ना. किडनीने देव्हाऱ्याजवळ जाता नये. मी गेलो की ती येतेच. तिला खाली ठेवून कसा जाऊ?"

"मग कमळ काढून देईल."

"मी तेच सांगतेय चार दिवस!" कमळ म्हणाली. "हात वर केला की धरतात."

"ती माझ्या हातचं खाते, पिते, शिवते. तिलाही लागलं," गुणाजी म्हणाला. "सूतकातल्या घरात पूजा बाहेरच्या माणसाने करायची असते."

"मी बाहेरचा. मी काढतो."

तो उठला आणि देव्हाऱ्यासमोर आडवा हात करून उभा राहिला. फाटकावर राहायचा तसाच. "तू आंबेरखोलचा. गाव एक, देव एक. तू बाहेरचा आहेस की आतला, हे भिकाजीला विचारावं लागेल."

त्याला ढकलणं मला अवघड नव्हतं. ज्या हातांनी लोखंड ओततो त्या हातांनी आजारी माणूस बाजूला करायला काय लागतं. पण पोटावर टाके होते, आत दुसऱ्याची वस्तू होती. हिंमत झाली नाही. मी बाहेर येऊन बाहेरचा माणूस शोधायला लागलो. दारावर वेसाव्याची सखुबाई मासळी घेऊन बसली होती. कोळीण, म्हणजे घोगळे नाही, साटम नाही, आंबेरखोलची तर नाहीच. मी तिला सगळं सांगितलं.

"मी काढते की," ती म्हणाली. "आवरा वेल काय लागते? पन माझे हाताला बोंबलाचा वास हाय. चालेल तुमचे देवाला?"

आतून गुणाजी ओरडला, "चालणार नाही!"

"मंग मर," सखुबाई म्हणाली आणि कोळंबीचा वाटा लावायला लागली.

मी कमळला म्हटलं, "तू मुलुंडला जा, वनमालाला घेऊन ये. मी भिकाजीकडे जातो." ती पदर खोचून धावतच निघाली.

घाटकोपरला भिकाजी पत्ते खेळत होता. त्याने पानं खाली ठेवली आणि गंभीर झाला. "प्रश्न बारीक हा. असो प्रश्न गावात आजपर्यंत इल्लो नाय. देवाक कौल लावूचो लागतलो."

"कौल लावायला गावी जावं लागेल. जाऊन येऊन तीन दिवस."

"मग काय झाला? सूतक सहा दिवस हा अजून."

"त्याला ताप आलाय, भिकाजी. तोंड सुजलंय."

"पण आपण गाऱ्हाणा घातला होता ना? राखणदाराक सांगितला होता, हात उचलू नको म्हणान."

"त्याने ऐकलेलं दिसत नाही."

भिकाजी उठला. मग चप्पल घालून माझ्याबरोबर निघाला.

आम्ही मरोळला पोचलो तेव्हा वनमाला दारातून आत जात होती. तिचं स्वतःचं सूतक चालू होतं. केस मोकळे, कुंकू नाही, साडीसुद्धा कालचीच. तिने भावाकडे बघितलं. पायाचा घोटा अंगठ्याने दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. ती देव्हाऱ्याकडे वळली.

गुणाजीने हात आडवा केला. "वनू, तू तर खरी साटमीण. तुला पहिलं लागतं."

"सूतक कोणाचं आहे?"

"किडनीचं."

"किडनी कोणाची?"

"तुझी."

"मग माझी किडनी, माझं सूतक, माझं पाप. तू मध्ये कोण रे? बाजूला हो."

गुणाजीने हात खाली घेतला. ज्याची वस्तू त्याने नेली तर वॉचमन अडवू शकत नाही.

तिने देव्हाऱ्यात हात घातला. देवाला धक्का लागून मूर्ती आडवी झाली. भिकाजीने डोळे मिटले. तिने दोन्ही बाटल्या बाहेर काढल्या, गोळ्या त्याच्या तोंडात घातल्या, वर तांब्या लावला. बाटल्या तिने देव्हाऱ्यात परत ठेवल्या नाहीत. तांदळाच्या डब्यात घातल्या आणि झाकण लावलं. मग म्हणाली, "टॅक्सी आणा."

टॅक्सीपर्यंत गुणाजीला आम्ही उचलून नेलं. मी खांद्यांकडून, भिकाजी पायांकडून. भिकाजी काटकुळा माणूस, पण वाटेत एकदाही खाली ठेवू या म्हणाला नाही.

डॉक्टर अनुपमांनी विचारलं, "गोळ्या का बंद केल्या?" गुणाजीने कारण सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या.

"पहारेकरी जागे झालेत," त्या म्हणाल्या. "किडनीवर चाल करून गेलेत. शिवाय यातली एक गोळी एकदम बंद केली तर किडनी शाबूत असली तरी माणूस मरतो."

शिरेतून भरपूर औषध सुरू केलं. वनमाला व्हरांड्यात बसून राहिली, पाठीच्या टाक्यांवर हात ठेवून. ती जागा अजून दुखायची. मी विचारलं, "राग आला का गं?" ती म्हणाली, "राग नाही. पण एक वस्तू दिली ती जरा जपून वापरायची." तीन दिवस लघवी मोजली जात होती आणि तीन दिवस नर्स मान हलवत होती. चौथ्या दिवशी बाटली भरली. वनमाला उठली आणि मुलुंडला गेली. घरी तेराव्याची तयारी व्हायची होती.

किडनी वाचली. पण डॉक्टरीणबाई त्याला घरी सोडेनात. म्हणाल्या, "साटमांच्यात पुढचं कोणी गेलं की हे पुन्हा होणार. तुमचा जो काही कायदा असेल तो तुम्हीच बसून नीट करा. मला फक्त रोजची गोळी हवी."

म्हणून इस्पितळाच्या आवारात, बदामाच्या झाडाखाली, बैठक झाली. कृष्णाबाई मुलुंडहून आली. तिला काय घडलं ते वनमालाने सांगितलं होतं. कसं सांगितलं ते ठाऊक नाही, पण म्हातारी ओशाळली होती आणि ओशाळल्यामुळे चिडली होती.

"मी सूतक पाळ म्हटलं, मर म्हटलं नव्हतं," ती गुणाजीला म्हणाली. "इतका शब्द पाळतात?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून," गुणाजी म्हणाला.

"मग आता सांगते ते आयक. किडनी मी परत घेते."

सगळे दचकले. जयवंत उठून उभा राहिला.

"बस रे. परत घेते आणि आता रीतसर देते. त्या वेळी मी ठेवायला दिली होती. आता दिली म्हणजे दिली, मुलगी देतात तशी. मुलीला सासरचं कूळ लागतं. माहेरी कोण गेलं तर तिने आपल्यापुरतं तीन दिवस पाळावं, सासरच्या देव्हाऱ्याला काय त्याचं?" ती भिकाजीकडे वळली. "बरोबर का हो?"

भिकाजीने बराच विचार केला. त्याला त्यात चूक सापडेना. "बरोबर," तो म्हणाला. "म्हणजे आता ती घोगळीण झाली."

"झाली."

डॉक्टर अनुपमा मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गोळी?"

"गोळी रोज," कृष्णाबाई म्हणाली. "सून सासरी रुळेपर्यंत सासरच्यांना जरा दाबूनच ठेवावं लागतं."

"जन्मभर."

"आमच्यात जन्मभरच लागतं, बाई."

गुणाजीने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावली. पहारेकऱ्यांना झोपवायचं त्याला पटत नव्हतं. सासरच्यांना दाबून ठेवायचं पटलं. त्या दिवसापासून त्याने गोळी चुकवली नाही. दसऱ्यानंतर तो फाटकावर परत आला. आता अधूनमधून खुर्चीत बसायचा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून. पुढे मी निवृत्त झालो तेव्हाही ती किडनी चालू होती.

पण उठताना कृष्णाबाईने एक आठवण करून दिली होती. मुलगी दिली म्हणजे कमळ आणि ती विहिणी झाल्या. विहिणीचा मान, म्हणजे मुलीच्या आईचं लुगडं, व्हायचा राहिला होता.

परत रुजू झाल्यावर गुणाजीचा पहिला पगार झाला. महिनाभर उभं राहून, बसून, पुन्हा उभं राहून कमावलेला. आम्ही मुलुंडला कापडाच्या दुकानात गेलो. गुणाजीने लुगडं पूर्ण उलगडायला लावलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतः बघितलं. दुकानदार कंटाळला. लुगडं, खण, नारळ, आणि वनमालासाठी हिरवा चुडा. खिशात फक्त बसभाडं राहिलं. कृष्णाबाईने लुगडं मांडीवर घेतलं, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, काठ अंमळ बारीक आहे. मग आत जाऊन नेसून आली.